सहा दिवसांच्या खुणा

बिश्केक, १२ ऑक्टोबर

आदरणीय कानिशाय एजे, माझ्या ताई आणि गुरू,

काराकोलला थंडी सुरू झाली असेल. तुमचे गुडघे कसे आहेत? सफरचंदांची पेटी पोहोचली. अर्धी आपल्या उंदीरघरातल्या बातमा आपांनी "चाखून बघते हं" म्हणत एकटीनेच संपवली. इथे सगळं छान चाललंय. मी इतकी खुशीत आहे की माझी मलाच शंका येते.

बातमी अशी की आपले उंदीर चालले! मेंदूतल्या रक्तस्रावानंतर तिसऱ्या आठवड्यात बारापैकी दहा जण अरुंद पट्टीवरून न घसरता पार झाले. एक तर असा ऐटीत निघाला की बातमा आपा म्हणाल्या, "हा बघा, सासुरवाडीला चाललाय!" हसून हसून पोट दुखलं.

औषध या वेळी चार दिवसच दिलं. आपलं औषध ज्यांना रोखतं ती एन्झाइम्स सुरुवातीला रक्तवाहिन्यांभोवतीचं अस्तर खातात, मेंदू सुजतो, तेव्हा त्यांना आवरायलाच हवं. तुमचं हे म्हणणं शंभर टक्के खरं. पण पुढे तीच मंडळी राडारोडा उपसतात, नव्या वाहिन्यांना वाट करून देतात. दहा दिवस औषध दिलं की दुरुस्तीही बंद पडते.

हे तुला सुचलं कसं, असं तुम्ही विचारालच. तिथेच माझी गाडी अडते.

सुचलं नाही, एजे. चार वर्षांपूर्वीची पहिली तुकडी, जिच्यावर तुम्ही परिषदेत बोललात, तिला पूर्ण दहा दिवस औषध मिळालंच नव्हतं, चारच दिवस मिळालं होतं. पाचव्या दिवशी पहाटेच मी वसंतातल्या नोरूझच्या सणासाठी तालासला गेले. सुट्टीनंतर लगेच तपासणी येते म्हणून वही आधीच भरून ठेवायची, ही आपल्याकडची सवय तुम्हाला ठाऊक आहे. दहाही दिवस औषध दिल्याच्या खुणा करून गेले. दुसऱ्या दिवशी परतायचं होतं, पण खिंडीत बर्फ कोसळला, रस्ता बंद. सहा दिवस अडकले. बातमा आपांनी उंदरांना दाणापाणी दिलं. औषध फक्त मी देत असे. परत आले तर उंदीर ठणठणीत. तुम्ही मला मिठी मारलीत. मग जीभच उचलली नाही.

पुढच्या तीन तुकड्यांना खरोखर दहा दिवस औषध दिलं आणि त्या लुळ्याच राहिल्या. मेंदूत सुई घालून रक्तस्राव घडवायचं काम तुमच्या हातचं. तुम्ही म्हणालात, "औषध तेच, उंदीर तेच. बदललाय तो माझा हात. सुई थरथरत असणार. म्हातारी झाले गं." आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्यात. मी त्या घेतल्या, एजे. तुमच्या खुर्चीत तीन वर्षं बसले. लाज वाटते.

काल संस्थेच्या संचालकांना सगळं लिहून दिलं. ते म्हणाले, "खुर्ची जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे." काल कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

सोमवारी अकरा वाजता संस्थेत सगळ्यांसमोर हेच वाचून दाखवणार आहे. तुम्ही आलात तर तुमच्याकडे बघून वाचीन. नाही आलात तरी वाचीन. रागवा, बोलू नका, तो तुमचा हक्क आहे. फक्त एक गोष्ट आजपासून मनातून काढून टाका.

तुमचा हात कधीच थरथरला नव्हता.

तुमची अपराधी,
तुर्सुनाय