बोडीतली राख

११ फेब्रुवारी १९५४

आज पुन्हा राख! राइस मिलच्या भट्टीतली, भुशाची — गाड्यांवर गाड्या. मुन्नालाल प्लॉटवाला आमची बोडी, शेताला पाणी देणारं हे लहानसं तळं, बुजवून राहिला. वर चाळी बांधणार म्हणे. मी बांधावर उभी राहून विचारलं, "कोणाले इचारून?" हसला मेला. "भाभी, गोंदिया बढ रहा है. बोडी कितने दिन रहेगी?"

गोंदिया वाढो की! आमच्या पाण्यावर काऊन? या बोडीवर आमचा धान पिकतो. मालगुजाराची जमीनदारी गेली तेव्हापासून बोडी कोणाची, कोणीच धड सांगत नाही. ज्याने आधी राख टाकली त्याची!

१५ फेब्रुवारी

बोडीच्या काठावर आधीच उभ्या झालेल्या नव्या चाळीतल्या बायकांशी भांडले. मिलच्या कामाला खेड्यांतून आलेली माणसं. खोल्यांना खोल्या चिकटवून बांधल्या — ना विहीर, ना संडास. सगळे बोडीच्या काठी बसतात आणि तिथूनच पाणी भरतात! ओरडले, "घाण करून राहिल्या तुमी!" त्यांतली एक, रुख्मा, आपल्या इकडच्या प्रतापगडाकडची. कमरेवर घागर. शांतपणे म्हणाली, "मंग कुठी जाऊ वो बाई? खोली भाड्यानं देल्ली, पाणी नाई देल्लं."

तिचं बरोबरच होतं. त्याचाही राग आला.

२० फेब्रुवारी

रुख्मा भाजली.

राख वरून थंड, करडी. आत विस्तव जिवंत! पाण्याला उतरताना तिचा पाय पडला आणि गुडघ्यापर्यंत आत गेली. किंकाळी आमच्या अंगणात ऐकू आली. मी आणि शेजारच्या शकुंतलाबाईंनी काखेत हात घालून ओढली. पायांचं कातडं — नको. लिहवत नाही.

दवाखान्यात पोचवली. मुन्नालाल काय म्हणतो — "देखके चलना चाहिए." देखके!

२१ फेब्रुवारी

संध्याकाळी गोठ्यात गेले. बैलांचे पाय ढोपरापर्यंत राखेनं करडे. आमच्या बैलांचे! आमचे हे तर सांगतात, गाडीनं स्टेशनावर माल वाहतो. विचारलं. मान खाली.

"मी नाई वाहली तं दुसरा वाहीन, शामकला."

"म्हणून तुमी वाहाची? त्या बाईचे पाय पायले काय?"

मी ताट वाढलं नाही. बोडीचं पाणी पिऊन मोठा झालेला माणूस तीच बोडी बुजवून राहिला! मुन्नालालवरसुद्धा इतका राग आला नव्हता.

२२ फेब्रुवारी

हे पहाटेच गाडी जुंपून गेले. गेलेच!

२३ फेब्रुवारी

दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टर म्हणतात, पाय वाचतील, चालायला मात्र वेळ लागेल. मला वाटलं रुख्मा रडेल, शिव्या देईल. तिने माझा हात धरला. "बाई, आता माही पोरगी पाण्याले जात असन. तिले सांगजा, राखेवर पाय ठेवू नोको."

तशीच चाळीत गेले. ज्यांना मागल्या आठवड्यात घाणेरड्या म्हटलं त्यांच्याच दारात उभी राहिले. म्हटलं, "आमच्या विहिरीवर पाणी भरा. अन् उद्या माझ्यासंग वाटेवर बसा. गाडी जाऊ द्याची नाई."

एक म्हातारी फटकन म्हणाली, "आज कायले आठवलो आमी?" खरं बोलली. ऐकून घेतलं.

घरी आले. हे ओसरीवर होते. शकुंतलाबाईंना उद्याचं यांना ऐकू जाईल असं मोठ्यानेच सांगितलं.

२४ फेब्रुवारी

चाळीतल्या जवळजवळ सगळ्या आल्या. वाटेवर बसलो. पहिलीच गाडी आमची निघाली! मागे रांग. हे म्हणाले, "ऊठ." मी म्हटलं, "हाका अंगावरून."

खाली उतरले. वाटलं, आता फरफटत नेतील मला. मुन्नालाल मागून ओरडत होता. यांनी गाडी वाटेत आडवी लावली, मागची सगळी रांग अडली — आणि जू उतरवून बैल सोडले.