चांदीच्या शिंगांबाबत

मारेगाव,
कोजागिरीचा दुसरा दिवस

सुखीबाई,

धाकट्या भावाचं डोकं तुह्या पायावर. भाऊजींच्या गुडघ्याले आता उतार पडला असन. तू दोन टाइम गोळी घेतं का नाई, ते खरं खरं कळव. फोन केला असता, पन फोनवर तू मधातच बोलतं, आन् माही गोष्ट लंबी हाये, म्हून लिहून राह्यलो.

तुले माहीत हाये, नाल्याकाठच्या एकरात कपाशी सोडून मी वाइनची द्राक्षं लावली, त्याले तीन वर्षं झाली. (भाऊजींले सांग, मी दारुड्या नाई झालो; अजून घोटभरही निंगाली नाई.) औषधाचा फवारा नाई, सारं चंद्राच्या हिशोबानं. एक दिवस मुळाचा, एक पानाचा, एक फुलाचा, एक फळाचा. द्राक्षाले हात लावाचा तो फळाच्याच दिवशी. सकाळी मी वेलींच्या मधात बाज टाकून बसतो. नाल्यावरून धुकं हळूहळू वर येते, पानावरचं पानी थरथरते, आभाळात फिकट चंद्र राह्यलेला असते. मले मंग एक बाटली दिसते, काळपट लाल, तिच्यावर आपल्या बाबाचं नाव, आन् दूर कुठंतरी कोनी अनोळखी मानूस ती उन्हात धरून पाहून राह्यला. तेवढ्यात तानाबाई बांधावरून ओरडते, सिलिंडर सरलं म्हून. मी म्हनतो, आज मुळाचा दिवस हाये. ती म्हनते, तुमचा कामाचा दिवस कोनता, तेवढं एकडाव सांगून टाका. (बायकोच्या हातचं खाऊन असं आयकाव लागते, बाई.)

आता शिंगाचं आयक. या शेतीत गाईच्या शिंगात शेन भरून ते अश्विनात जमिनीत पुरतात आन् चैत्रात काढतात. मंग त्यातलं मूठभर खत बादलीत टाकून घंटाभर घुसळाचं, आधी इकडून, मंग तिकडून, आन् बागेत शिंपडाचं. मागच्या वर्षी मी गावाबाहेर पडलेली वीस शिंगं जमा करून पुरली. चैत्रात काढली, घुसळली, खांदा पार कामातून गेला. वेलीवर घड आले तीन, तेही चिमन्याईनं खाल्ले. मंग ही शेती मी ज्या शिबिरात शिकलो, तिथल्या अर्पिता मॅडम बाग पाहाले आल्या. त्याईनं एक शिंग उचललं, नखानं खरवडलं आन् विचारलं, हा लाल रंग कशाचा? पोळ्याचा वार्निश होता तो! वीसच्या वीस शिंगं बैलांची. मॅडम म्हने, व्यालेल्या गाईचंच पायजे. जितक्या डाव व्याली तितकी वलयं तिच्या शिंगावर दिसते. अव्वं, गावभर झालं! पोट्टे आता मले पाहून हंबरते. आन् गाईचं शिंग आनू कुठून? इथल्या संकरित गाईंची शिंगं डॉक्टरनं लहानपनीच जाळून टाकली.

तानाबाईनं दिवाळीची मुदत देल्ली हाये. तोवर खरी शिंगं जमिनीत गेली नाई, त वेली उपटून तिथं हरभरा. खंदाची लोखंडी सब्बल तिनं दाराशी आनून ठेवली. बाग गेली त मी मरनार नाई, बाई. पन सकाळी उठाव वाटनार नाई. बावन्न वर्षात पहिल्यांदा मले उजाडाची घाई होऊन राह्यली.

बाकी ठीक. काई मागासाठी लिहिलं असं समजू नको.

तुहा,
रामराव

ता. क. : मागासाठीच लिहिलं. आपला ट्रॅक्टरवाला मेकॅनिक आसिम पार्ट आनाले तुह्या वणीले गेलता. त्यानं सांगतलं, तुही चांदी मेली, ट्रॉलीत घालून नेतांनी त्यानं पाह्यली. बाबानं जाता जाता तुले देल्लेली कालवड. मी तिले बाटलीनं दूध पाजलं. लय वाईट वाटलं. सात डाव व्याली ती. तिची शिंगं मले दे. मागतांनी लाज वाटते, पन दे.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवून राह्यलो होतो त आसिम परत आला. ट्रॉलीतली गाय तुह्या शेजाऱ्याची होती म्हने! चांदी गोठ्यात उभी हाये, आन् परवाच आठव्यांदा व्याली. मले आनंद झाला, देवाशपथ झाला. मंग शिंगं आठवली. मंग माहीच मले लाज वाटली. पत्र फाडनार होतो, पन तानाबाईनं हातातून घेऊन वाचलं. (माहं काई तिनं पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं.) उजाडाच्या घाईपाशी जराशी थांबली. मंग म्हने, जित्या गाईच्या शिंगावर डोळा ठेवनाऱ्या मानसाच्या हातात बाग नाई राहाची. आता बाग ती पाहनार. शिंग न लागनारं, नुसतं शेन खड्ड्यात मुरवून करतात असंही एक खत हाये; मॅडमनं ते त्याच दिवशी सांगतलं होतं. मी तवा बाजेवर डोकं धरून बसलो होतो. तानाबाईनं लिहून घेतलं होतं, आन् तो कागद तवापासून देवघरात ठेवला होता.

मंगळवारी आम्ही दोघं येतो. चांदीसाठी सरकीच्या ढेपीचं पोतं तिनं आताच बांधून ठेवलं. तू शेन जमा करून ठेव. मंगळवार मुळाचा दिवस हाये, द्राक्षाले हात लावता येत नाई. चांदीच्या पाठीवर फिरवता येते. सब्बल कुठं गेली म्हून पाह्यलं, त तानाबाई नाल्याकाठी खड्डा खंदून राह्यली.