अर्थिंगला पाणी

१ मे १९९०, मंगळवार

सुनंदा आली नाही. लग्नानंतरची पहिली आखाजी म्हणून एरंडोलला माहेरी गेली, सण झाला की येते म्हणाली होती. आज तिचा भाऊ रुपचंदच प्रेसमध्ये आला. मी हातात टायपाचे खिळे घेऊन तसाच उभा राहिलो. म्हणाला, "दाजी, ती नाही येत म्हणते. तुमच्या घरात करंट बसतो."

कूलरचा. दुसरं काय! आखाजीच्या आधी ती घरासमोरच्या ओट्यावर कूलरमध्ये पाणी ओतत होती, ती बादलीसकट फेकली गेली. कोपर फुटलं. आई तिथेच शेजारच्या बायकांत बसली होती. त्यांच्यासमोर म्हणाली, "बठ्ठं नाटक शे. काम नको तिले." सुनंदा रडली नाही. बादली उचलून जागेवर ठेवली फक्त.

मी त्या दिवशी कूलरला हात लावून पाहिला होता. काही जाणवलं नाही. पायात चप्पल होती, हे नंतर लक्षात आलं. चप्पल काढून पुन्हा हात लावायचं धाडस झालं नाही.

२ मे

आईला विचारलं - गेल्या उन्हाळ्यात कूलर तूच भरायचीस, तुला कधी बसला का? ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माले कधी नही बसना."

६ मे, रविवार

लोटन वायरमन आला. ओट्यावरचं सॉकेट पाहिलं आणि हसत सुटला. कूलरच्या वायरीला पिन नाही. टोकं सोलून दोन भोकांत घातलेली, वर आगपेटीच्या काड्या खोचलेल्या.

"कोणी केली ही कारागिरी?"

काड्या मीच खोचल्या होत्या.

त्याने कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला! लाल, स्वच्छ. "घ्या. वहिनी खरं बोलत होत्या." मला बरं वाटलं आणि लगेच कळलं - म्हणजे ती मेली असती. आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "दिवा शे तो, पेटीच." आणि आत गेली.

ठरलं - घरातली सगळी दोन भोकांची सॉकेटं काढायची. स्वयंपाकघरात, पलंगाजवळ, रेडिओजवळ, सगळीकडे तीन पिनांची. ओट्यावरचं वर सरकवायचं, पाणी उडणार नाही असं, त्यावर पत्र्याची टोपी. पण तिसरं भोक नुसतं शोभेचं नको, त्याची वायर जमिनीत गेली पाहिजे. लोटन म्हणाला, "ते भोक आतच न्यूट्रलला, परतीच्या वायरीला, जोडून देतो. या उन्हात खड्डा कोण खणेल?"

मी नाही म्हणालो. उद्या खांबावर कोणी वायरी उलट जोडल्या तर? सगळा करंट पुन्हा कूलरच्या पत्र्यावर!

"भो, तुला झोप लागते का रे?" लोटनने विचारलं. चेष्टेत. लागत नाही, हे त्याला कशाला सांगू?

८ मे

खड्डा झाला. माझ्या छातीएवढा. तळाला लोखंडी प्लेट, तिला तार, मग कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. लोटन म्हणतो, उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग झोपतं. त्याला पाणी पाजत राहावं लागतं. मी विसरलो तर? तापाने पडलो तर? म्हणून खड्डा तुळशीला लागूनच घेतला. आमची तुळस कुंडीत नाही, अंगणात जमिनीतच आहे, भोवती विटांचं आळं. आई रोज सकाळी तिला तांब्याभर पाणी घालते. तिचा नेम आजवर चुकलेला नाही. "हुशार शेस!" लोटन म्हणाला.

फेज, म्हणजे करंटची वायर, आणि अर्थिंग यांच्यामध्ये बल्ब लावून पाहिला. पिवळट, आजारी उजेड. दोन बादल्या पाणी ओतलं - लख्ख! कूलरला पिन बसवली, तिसरी वायर पत्र्याला घट्ट आवळली. मग चप्पल काढली. पाय ओले केले. देवाचं नाव घेतलं आणि हात लावला.

काही नाही! थंड पत्रा, बस्स.

लोटनने बिलाच्या कागदावर 'अरथींग' लिहिलं होतं. तो गेल्यावर मी दुरुस्त केलं. राहवलं नाही.

१० मे

सुनंदाला पोस्टकार्ड टाकलं. कार्ड कोणीही वाचतं, म्हणून फक्त विजेचंच लिहिलं. कुठे कुठे सॉकेट बदललं, बाहेरचं किती उंच नेलं, पत्र्याची टोपी कशी बसवली. शेवटी लिहिलं - आता भीती नाही. हे लिहिताना हात थांबला, कारण मला आहे.

१४ मे

रुपचंद पुन्हा प्रेसमध्ये. मालक समोरच होते.

"दाजी, कार्ड पोचलं. आमच्याकडे सगळ्यांनी वाचलं. शेजाऱ्यांनीही. पिना तीन झाल्या, चांगलं झालं. पण चार बायकांत माझ्या बहिणीला नाटकी म्हटलं, त्याला कोणती पिन बसवणार?"

मी हातातले खिळे खणात टाकू लागलो.

"मावशींनी म्हणावं, सून खरं बोलत होती. लगेच पाठवतो. नाही तर आम्हाला तिची भाकरी जड नाही."

१५ मे

आईला सांगायचं ठरवून घरी गेलो. ती कूलरमध्ये पाणी ओतत होती. तोंड उघडलं आणि विचारलं - आज भाजी काय आहे?

आज लग्नपत्रिकेत 'आगमन'चं 'आगमान' जुळवलं. मालकांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. माझ्या हातून असं होत नाही.

१७ मे

तुळशीची पानं लोंबली आहेत. ऊन फार आहे.

१९ मे

हे उन्हाने नाही. पानं काळी पडून गळताहेत. आई तांब्याऐवजी कळशी ओतते आहे, तरी रोज आणखी वाळते. बल्ब मात्र लावून पाहिला तर कधी नव्हे इतका लख्ख.

दुपारी कळलं. मीठ! ती ओतते ते पाणी खड्ड्यातलं मीठ विरघळवून मुळांत नेतं. लोटन बाजारात भेटला, ऐकून म्हणाला,

"मिठात झाड जगेल का भो?"

"तूच तर हुशार म्हणालास!"

"अर्थिंगपुरतं म्हटलं. तुळशीचं मला कोणी विचारलं?"

आईला हे कसं सांगू? मी तिची तुळस मारली.

२० मे, रविवार

आई सकाळपासून तुळशीसमोर बसून. जेवली नाही. शेजारची बेबाबाई डोकावून म्हणाली, "घरची लक्ष्मी बाहेर, मग तुळस कशी राहील?" एरवी आईने तिला तिथेच गप्प केलं असतं. आज ती आळ्यातली गळालेली पानं वेचत राहिली.

मी जवळ गेलो. "आई, ते खड्ड्यात-"

"चूप ऱ्हाय."

पानं पदरात बांधत म्हणाली, "एरंडोलनी पहिली गाडी कव्हय शे?"

मी गाडीची वेळ सांगितली. मिठाचं नाही सांगितलं. सांगितलं तर ती जाणार नाही. नाही सांगितलं तर ती जाईल, पण कशासाठी, भांडायला की आणायला? न बोलणं हे खोटं बोलणं होतं का? दिवसभर तेच डोक्यात. संध्याकाळी तिच्या पिशवीत पातळ घडी केलेलं पाहिलं. आताही सांगता येईल. आताही.

२१ मे

आई गेली. एसटी सुटेपर्यंत मी खिडकीखाली उभा होतो. ती माझ्याकडे नाही, समोर बघत होती.

२२ मे

दोघी काल रात्रीच्या गाडीने आल्या. आई सरळ आत जाऊन झोपली. सुनंदा सांगत होती - आई आमच्या ओट्यावरच उभी राहिली, आत आली नाही, पाणी घेतलं नाही. भाऊ, वडील, शेजारी, सगळ्यांसमोर म्हणाली, "माले बी बसे करंट. बठ्ठा उन्हाळा बसना. मी कोणले सांगं नही. सून घरमा ऊनी, मंग बादली तिना हातमा दिन्ही. वाटनं, बाईले इतलं ते सोसनं पडसच."