'मे' खोडून 'शॅल'

बनशंकरी, १२ मार्च १९९६

माझ्या भाच्याचा, श्रीधरचा लोणच्याच्या काकड्यांचा कारखाना आज शेजारच्या कमलाक्कांबरोबर पाहून आले. नुसतं कुंपण आहे आणि आत एरंड माजलाय. म्हणे माल परदेशी जाणार! कमलाक्कांनी निवृत्तीचे पैसे गुंतवले ते माझ्या भरवशावर. भाच्याच्या माहितीपत्रकाचं इंग्रजी मीच सुधारलं होतं ना.

घरी येऊन त्याला फोनवर झापलं, तर शांतपणे म्हणतो, "मावशी, नफा मिळू शकेल, असंच मी लिहिलं होतं. 'मे' खोडून 'शॅल', म्हणजे मिळेलच, तूच केलंस."

खरंच केलं. कॉन्व्हेंटची खोड, वाक्य लेचंपेचं वाटलं. पण मी ते खोडणार, हे त्याला आधीच ठाऊक होतं का?

येताना रिक्षात कमलाक्का एवढंच म्हणाल्या होत्या, "सरी अक्का, असू दे, इंग्रजी मात्र छान होतं."