दोन ‘पुन्हा’ परत घे

मंगळवार, सकाळी नऊ

चि. ठमाबाई,
बापाचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत. आई गॅलरीतल्या कुंड्यांवर ओरडतेय, म्हणजे तिची तब्येत ठणठणीत. माझा नवा गुडघा मात्र मालकासारखाच हट्टी निघालाय.

मुख्य काम: तुझ्या पेशंटांसाठीची व्यायामाची कार्डं छापायला टाकली असशील, तर आधी ती थांबव. ‘कुणीतरी कविता लिहिलीय, तपासून द्या’ म्हणून तू पाठवलेलं ते कार्ड:

उचल पाय, पुन्हा, पुन्हा,
पुन्हा, पुन्हा, थांब जरा,
श्वास सोड…
चाल पुढे, तूच खरा.

मी मास्तरकीला जागलो. ‘जरा-खरा’ हे यमक चालवून घेतलं. पण चार ‘पुन्हा’ म्हणजे पुनरुक्ती, म्हणून दोन उडवून ‘हसत हसत’ घातलं. (हीही पुनरुक्तीच, हे आत्ता लिहिताना दिसतंय.) तिसऱ्या ओळीत बारापैकी सहा मात्रा गायब, तिथे पदरचं ‘नको डरू’ भरलं. दहापैकी चार गुण देऊन तुला पाठवलं आणि स्वतःची सुधारित आवृत्ती मोठ्यानं म्हणत महिनाभर व्यायाम केला.

काल डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. पाय किती वेळा उचलता, असं विचारलं. मी छाती काढून म्हणालो, तीनदा.

आई शांतपणे म्हणाली, “मुलीनं पाच सांगितले होते. दोन ह्यांच्या व्याकरणात गेले.”

डॉक्टर पोट धरून हसले. घरी येताना आईनं सांगितलं, ते ‘कुणीतरी’ म्हणजे तू.

आज तुझी मूळ कविता म्हणत पाय उचलला. पाच वेळा. मी जिथे ‘नको डरू’ ओरडत होतो, तिथे श्वास सोडायचा होता. त्या सहा मात्रा तू मुद्दाम रिकाम्या ठेवल्यास. एवढी वर्षं वृत्तं शिकवली, पण हे मला सुचलं नसतं.

आता जे लिहायला पाच वेळा पेन उचललं, ते. आठवीत तुझी कविता मी भर वर्गात वाचली आणि मुलांना हसवलं. तेव्हाही चारच गुण दिले होते. मग तू मला काही दाखवलं नाहीस, आणि मी सगळ्यांना सांगत राहिलो की मुलीला कवितेची आवड नाही. आवड होती, बाळा. वाचणारा बरा नव्हता. मला माफ कर.

कार्ड तुझंच छाप, आणि खाली तुझं नाव घाल.

तुझ्या शब्दांवर चालायला शिकणारा,
बाबा