पाहुण्यांच्या खोलीचं दार

ती. वहिनींना,

धाकट्या भाऊजींचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरताच समजावा. कंबर धरली आहे. खरोखर घातला तर मला उठवायला माणसं बोलवावी लागतील.) तुमचा गुडघा कसा आहे? दादा अजून जेवताना पेपर वाचतो का, आणि आमटीचं भांडं पेपरवरच ठेवतो का? मी मजेत आहे, म्हणजे नेहमीसारखा, सकाळी उठतानाच दमलेला.

तुमचं पत्र पोचलं. दुपारी तुमचा जरा डोळा लागला की अण्णा दार उघडून बाहेर पडतात, बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहतात आणि रांगेतल्या लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणतात, हे वाचून आधी हसू आलं. (लोक मुकाट्याने सरकतात, हे वाचून जास्तच आलं. जन्मभर कंडक्टरकी केलेल्या आमच्या बापाचा आवाज आहे तो. आठवण गेली तरी आवाजाचा वचक गेलेला नाही.) मग परवा ते भर चौकात गाड्यांच्या मधोमध सापडले, तिथवर आलो आणि हसू जिथल्या तिथे राहिलं. दादाने अण्णांच्या खोलीला बाहेरून लावायला जाडजूड कडी आणली आहे, येत्या रविवारी तो ती ठोकणार आहे, आणि ती वर लावावी की खाली हे तुम्ही मला विचारलंय, कारण घरात दारांमधलं कळणारा मी एकटाच. उत्तर देतो. पण त्याआधी गेल्या आठवड्यात एका दाराने माझी काय दशा केली ते ऐका, म्हणजे हा तज्ज्ञ किती पाण्यात आहे ते तुम्हाला कळेल.

आमची कंपनी तुम्हाला माहीत आहेच. देशोदेशी ऑफिसं, पण कामं तीनच प्रकारची: नगरपालिकांच्या इमारती, इस्पितळं आणि तुरुंग. (तुमची आई एकदा मला म्हणाली होती, तू एखादं साधं घर का नाही रे बांधत. घर बांधायला आमच्याकडे कुणी येतच नाही. आमच्या इमारतींत माणूस हौसेने जात नाही, त्याला जावं लागतं.) तिन्ही कामं एकाच मजल्यावर चालतात. माझ्या टेबलाच्या डावीकडे बाळंतिणींचा वॉर्ड, उजवीकडे कोठड्या, समोर घरपट्टी भरायची खिडकी, आणि मधे मी, कागदावर दारं काढत बसलेला. बाकीचे लोक इमारती काढतात. मला कुणीतरी कधीतरी एक दार काढायला दिलं, ते बरं जमलं, आणि तेव्हापासून आजतागायत मी दारातच उभा आहे.

आता इस्पितळाचं दार आणि तुरुंगाचं दार यांत फरक असतो, हे तुम्हाला सांगायला नको. इस्पितळाचं दार कोपराने ढकललं तरी उघडलं पाहिजे, कारण सिस्टरांचे हात कधी मोकळे नसतात. तुरुंगाचं दार आपलं आपण बंद होतं, त्याला आतून मूठ नसते, आणि खाली ताट सरकवायला एक झडप असते. हे इतकं उघड आहे की यात घोटाळा व्हायचं काही कारण नव्हतं. पण मोठ्या साहेबांनी मधे एक शब्दांच्या बाई नेमल्या. (मोठे साहेब म्हणजे सगळ्या ऑफिसांवरचे. ते विमानात राहतात आणि मधूनमधून जमिनीवर येऊन आम्हाला नवीन काहीतरी सांगून जातात.) या बाईंचं काम एवढंच, की आमच्या कागदांतले कडू शब्द काढून गोड घालायचे. त्यांनी आम्हाला खुर्च्या गोल मांडून बसवलं आणि सांगितलं, की कैदी म्हणू नका, माणूस दुखावतो. रुग्ण म्हणू नका, खचतो. अर्जदार म्हणू नका, लाचार वाटतो. मग म्हणायचं काय? तर सगळ्यांना म्हणायचं पाहुणे. त्या दिवसापासून कोठडीही पाहुण्यांची खोली, वॉर्डातली खोलीही पाहुण्यांची खोली, आणि नगरपालिकेत ताटकळत बसायची जागाही पाहुण्यांचीच. मी भीतभीत विचारलं, की पाहुण्याला जायची मुभा असते, मग कोठडीतल्याला पाहुणा कसं म्हणायचं. बाई गोड हसल्या आणि माझं नाव त्यांनी कुठेतरी टिपून घेतलं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. प्रत्यक्ष इमारत उभी करण्याआधी आम्ही एका गोदामात नमुन्याच्या खोल्या बांधतो, खऱ्या मापाच्या, खऱ्या पलंगासकट. दारवाल्याचा मला फोन आला, की मूठ नसलेलं दार तयार आहे, ते कुठल्या खोलीला बसवू? मी सकाळपासून काहीतरी खाऊ म्हणत होतो आणि ते जमलं नव्हतं. मी कागदावर बघून म्हणालो, पाहुण्यांच्या. तो म्हणाला, दोन्हीकडे पाहुणेच लिहिलंय. मी म्हणालो, मग पहिली दिसेल तिला बसवा, आणि फोन ठेवला. पहिली इस्पितळाची होती.

पाहणीच्या दिवशी मोठे साहेब विमानातून उतरले. इस्पितळाकडून थोरल्या सिस्टर आल्या, तुरुंगाकडून जेलर आले. जेलर आधी आपल्या कोठडीत शिरले, दार लोटून घेतलं आणि मजबुती बघायला त्याला खांदा लावला. दार इस्पितळाचं. ते इतकं आज्ञाधारकपणे उघडलं की जेलरसाहेब थेट बाहेर येऊन माझ्या पायाशी पडले. दारांची अदलाबदल तेव्हाच माझ्या ध्यानात आली. पण तोवर साहेब आणि सिस्टर शेजारच्या खोलीत गेले होते आणि त्यांना थांबवायला मी मागोमाग धावलो. माझ्यामागे दार हळुवार मिटलं. (त्या हळुवारपणावर मी स्वतः किती खपलो होतो.) आम्ही तिघे आत. फोन बाहेर टोपलीत, कारण पाहणी करताना फोन नकोत हा साहेबांचाच नियम. बाहेरून उघडायची किल्ली दारवाल्याकडे आणि दारवाला गावाच्या दुसऱ्या टोकाला.

जेलर झडपेशी उकिडवे बसले, झडप उचलली आणि पाहुण्यांना काही हवं-नको आहे का, असं विचारलं. एवढा आनंदी सरकारी माणूस मी पाहिलेला नाही. दारवाल्याला निरोप धाडतो म्हणून ते गेले आणि बहुतेक चहा प्यायला बसले. सिस्टरांनी खोलीभर एक नजर फिरवली, चपला काढल्या आणि पलंगावर आडव्या झाल्या. दार उघडलं तरी मला उठवू नका, म्हणाल्या, आणि खरंच घोरू लागल्या.

राहिलो साहेब आणि मी. सुरुवातीला ते हवा कशी छान खेळती आहे याबद्दल बोलले. मग उठून दाराशी गेले, आणि जिथे मूठ असते तिथे त्यांचा हात गेला. तिथे नुसता गुळगुळीत पत्रा. परत येऊन बसले, पुन्हा उठले, पुन्हा हात तिथेच. या गृहस्थाने किती देशांत किती तुरुंग उभे केले असतील, आणि आता ते ओणवे होऊन झडपेतून बारीक आवाजात विचारत होते, कुणी आहे का बाहेर. मला हसू यायला हवं होतं. पण वहिनी, माझाही हात तिथे जात होता. ते दार मी काढलेलं. त्याला मूठ नाही हे माझ्याइतकं पक्कं जगात कुणाला ठाऊक नव्हतं, तरी हात जायचा आणि पत्र्यावरून घसरून परत यायचा. तेव्हा मला अण्णा आठवले. बाहेर कडी आहे हे त्यांना कुणी सांगितलं तरी घटकाभरात ते विसरणार. म्हणजे ते प्रत्येक वेळी नव्याने दाराशी जाणार, आणि प्रत्येक वेळी नव्याने घाबरणार. मला रडू आलं. साहेबांची पाठ होती आणि सिस्टर झोपल्या होत्या, म्हणून अब्रू राहिली.

शेवटी दारवाल्याची माणसं आली, त्यांनी बिजागऱ्या काढून अख्खं दारच उचललं आणि आम्ही सुटलो. (सिस्टरांना उठवण्यावरून थोडी बोलाचाली झाली.) बाहेर आल्यावर साहेबांचा रंग परत आला. त्यांनी तिथल्या तिथे निर्णय दिला, की चूक दाराची नाही, शब्दाची आहे. आता पाहुण्यांऐवजी सोबती म्हणायचं आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कडी खांद्याच्या उंचीवर लावावी. खाली लावली तर वाकताना तुमचा गुडघा दुखेल. स्क्रू लांब घ्यावेत, दादा नेहमी आखूड आणतो. दादाला नमस्कार, अण्णांच्या पाया पडतो.

तुमचा,
धाकटा भाऊजी

ता. क. वरचं उत्तर तज्ज्ञाचं होतं, ते खोडलं असं समजा. कडी लावू नका. घरी तुम्ही आहात आणि मी इथे बसून शहाणपण शिकवतोय, हे मला कळतं. तुम्ही दुपारी झोपू नये असं तर मी मुळीच म्हणत नाही. म्हणून पुढचा ता. क.

पुन्हा ता. क. कंपनीने मला बेमुदत विश्रांतीवर पाठवलं आहे. (शब्द बाईंचा आहे. आपल्याकडे याला काढून टाकलं म्हणतात. दादाला इतक्यात सांगू नका.) रविवारच्या आत येतो आणि तिथेच राहतो. माझी गादी अण्णांच्या खोलीत घाला. दुपारी तुम्ही खुशाल झोपा. ते निघाले की मी चपला घालून मागे निघेन, चौकात हात धरेन, आणि ते म्हणतील तेव्हा पुढे सरकेन. ठेवून घ्याल ना, एवढं कळवा.

आणखी एक. मी येतोय हे अण्णांना सांगू नका. मला उतरवून घ्यायला थांब्यावर निघतील.