हनोईच्या गाडीतल्या आजी

प्रिय नंदा,

मी खुशाल आहे, हे आधीच लिहून टाकतो. इथे भात पोटभर मिळतो. कंपनीतले सोमण उद्या ठाण्याला परततायत, त्यांच्याकडे ही चिठ्ठी देतोय. फोनवर आपण दोघंही "ठीक आहे" म्हणतो आणि ठेवून देतो.

काल मशीन बसवायला हनोईहून दुसऱ्या गावी गेलो, सगळ्यात स्वस्त गाडीने. बाकडी लाकडी, आणि मधल्या वाटेत प्लास्टिकच्या स्टुलांवरही माणसं. एवढ्या गर्दीत माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं.

मग शेजारच्या आजी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. खांदा बधिर झाला, तरी मी हललो नाही. महिनाभर कुणाचा स्पर्शच नव्हता गं.

जाग आल्यावर त्या ओशाळल्या, मला संत्रं सोलून दिलं, त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. मी मोबाईलवरचा तुझा फोटो दाखवला आणि सरळ मराठीत म्हटलं, "ही माझी बायको. हिच्या छातीत गाठ निघालीय. मला फार भीती वाटते."

त्यांना काय कळलं कोण जाणे. पण त्यांनी माझा हात धरला, तो मी उतरेपर्यंत सोडला नाही.

तुला मात्र मी हे एकदाही बोललो नाही. स्टेशनवरूनच ठाण्याला, वागळे इस्टेटच्या ऑफिसात साहेबांना फोन केला, उरलेलं काम दुसऱ्याला द्या म्हटलं. गुरुवारी पोचतोय.

औषधं वेळेवर घेतेस ना? शुक्रवारी आपल्या लेकाला, साकेतला, रजा काढायला लावू नकोस. डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ. या वेळी मी बाहेर बाकावर बसून राहणार नाही.

तुझाच,
प्रभाकर